मालकांचं भाट, म्हणजे माडांची बाग, विक्रीला निघालंय. तिथल्या मच्छीमारांची घरं, वाट आणि वाळवणाची जागा कशी वाचवायची?

खारा वारा

नमस्कार मंडळी. वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गाबीत मच्छीमारांच्या वाडीत आमचं घर आहे. भिंती आणि कौलं आमची, खालची जमीन मालकांची. वाडीत सगळ्यांचीच ही गत. डांबरी रस्ता आणि समुद्र यांच्यामध्ये मालकांचं माडांचं भाट आहे. त्याच्या एका कडेला आमची घरं, पुढे होड्या आणि जाळी ठेवायचे मांगर आणि मध्ये बायका मासळी सुकवतात ते खळं. भाटातूनच एक वाट पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, उतरते. रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला) जाणं, मासळीच्या पाट्या रस्त्यावर आणणं, सगळं त्याच वाटेनं.

थोरल्या मालकांच्या काळात कागद करावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. आमच्या माणसांनी माडांची राखण करायची, पाडपाला, म्हणजे नारळ उतरवायला, हात लावायचा, चांगलं म्हावरं लागलं की मालकांच्या घरी वाटा पोचवायचा. अडीअडचणीला मालक उभे राहायचे, हेही खरं. ते गेले. वारस मुंबईला, दोघे परदेशात. गेल्या महिन्यात पेपरात जाहीर नोटीस आली की अमुक सर्व्हे नंबर आमचे अशील निर्वेध विकत घेत आहेत, कुणाचा हक्क असल्यास चौदा दिवसांत लेखी कळवावं, नाहीतर हक्क सोडून दिला असं समजू. आमच्या हाती कात्रण आलं तोवर निम्मी मुदत सरली होती. मोजणीवाले दगड रोवून गेले. एक दगड बरोबर खळ्याच्या मधोमध.

म्हातारी माणसं म्हणतात, "जमीन तेंची, पण वाट आमची." हे कोर्टात टिकतं का? कुणाला अनुभव असेल तर लिहा. हॉटेल होऊ नये असं माझं म्हणणं नाही. आम्ही उठावं लागू नये, एवढंच.

सुरमई

वाचतेय. चर्चा चालू राहील, पण हरकत आजच्या आज पाठवा.

सनद

सुरमईताईंशी सहमत. दिवाणी वकिली करते, म्हणून जरा लांब लिहिते.

हरकत रजिस्टर पोस्टानं त्या वकिलांना, एकेक प्रत दुय्यम निबंधकांना आणि तलाठ्याला. पोच जपून ठेवा. चौदा दिवसांत कळवलं नाही म्हणून हक्क बुडत नाही. पेपरातली नोटीस म्हणजे कायदा नव्हे. पण हरकत वेळेत गेली की घेणाऱ्याला उद्या 'मला ठाऊकच नव्हतं' असं म्हणता येत नाही. कर्ज देणारी बँकही मग चार प्रश्न विचारते.

आता मूळ दुखणं. भारतीय सुविधाधिकार कायदा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या वाटेसारख्या हक्कांचा कायदा, १८८२ चा, आपल्या मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू झाला. त्याचं कलम ५९ सांगतं की परवानगी देणाऱ्यानं जमीन दुसऱ्याला विकली, तर घेणारा त्या परवानगीनं बांधला जात नाही. थोरल्या मालकांचा शब्द कितीही खरा असला तरी खरेदीखताच्या दिवशी तो संपतो. भाडेपट्टा असता तर गोष्ट उलटी असती. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ प्रमाणे नवा मालक जुन्याच्या जागी येऊन बसतो आणि पट्टेदार होता तसा राहतो. किनाऱ्यावरच्या वाड्यांत बहुतेकांकडे पट्टा नसतो, आणि मार बसतो तो इथेच.

पण सगळं परवानगीवर नाही. वाट वीस वर्षं उघडपणे, हक्कानं, खंड न पडता वापरली असेल तर कलम १५ खाली वहिवाट मिळते आणि ती जमिनीला चिकटते, मालक कुणीही असो. घरांसाठी कलम ६० बघा. परवानगीवर विसंबून स्वतःच्या खर्चानं कायम स्वरूपाचं बांधकाम केलं असेल, तर ती परवानगी मागे घेता येत नाही असा बचाव घेता येतो. खळ्यासाठी रूढी. म्हणजे घर, वाट, खळं या तिन्हींचा आधार वेगवेगळा आहे. तिन्ही एकाच अर्जात 'आम्ही पूर्वापार राहतो' असं कोंबलं की तिन्ही कमजोर होतात.

एक काळजी घ्या. हरकतीत सगळीकडे 'मालकांच्या कृपेनं, परवानगीनं' असं लिहिलंत तर वाटेचा दावा तुम्हीच मोडलात. वहिवाट हक्कानं असावी लागते. म्हाताऱ्यांना नीट विचारा, वाट भाटाच्या आधीची का नंतरची? मालकांनी कधी अडवली होती का? जे खरं असेल तेच, पण नेमकं लिहा.

मोरपीस

सनदताई, वाचनखूण साठवली. आमच्या आजोळच्या विहिरीच्या वाटेचं असंच झालंय.

आडगाव बुद्रुक

कुळकायदा नाही का लागत? १ एप्रिल १९५७ ला कूळ मालक झाला ना?

सनद

@आडगाव, तो जमीन कसणाऱ्याचा. मासेमारी करणारा त्या व्याख्येत येत नाही, आणि म्हणून खोती गेली, कुळं मालक झाली, तरी किनाऱ्यावरची कितीतरी घरं परक्याच्या जमिनीवर तशीच राहिली. पण खारा वारा, तुमच्या माणसांनी भाट शिंपलं असेल, माडाचा वाटा घेतला असेल, तर तहसीलमधून १९५० च्या आसपासचे सातबारे आणि फेरफार काढा. पीकपाहणीत तुमच्या घरातलं नाव सापडलं तर प्रकरण एकदम बदलतं.

बागायतदार

दुसरी बाजू मांडतो, राग मानू नये. आमचंही भाट आहे, सातबाऱ्यावर तेवीस नावं. वडिलांनी चार घरांना राहू दिलं, माणुसकी म्हणून. आता वाटपाला बसलो तर कुणी घ्यायला तयार नाही, कारण 'आत माणसं आहेत'. शेतसारा आम्ही भरतो, माड पडले तर आम्ही लावतो. वीस वर्षं राहू दिलं म्हणून हक्क झाला असं होणार असेल, तर उद्यापासून कुठला मालक कुणाला उभं करील? आताच शेजारचे लोक कुंपण घालून गेट लावतायत, याच भीतीनं. नुकसान शेवटी गरिबाचंच होणार.

खारा वारा

बागायतदार साहेब, तुमच्या जागी मी असतो तर मलाही हीच भीती वाटली असती. पण आम्ही जमीन मागत नाही. होडी ओढायला पुळण लागते, पुळणीवर जायला वाट लागते. तुम्ही भाट विकून मुंबईत घर घेऊ शकता, आम्ही होडी घेऊन कोल्हापुरात काय करणार? माझे दोन चुलतभाऊ अजून रापणीत आहेत. त्यांच्या पोटाचा हिशोब या वाटेवर आहे.

बागायतदार

हे मान्य. पण मग वाटेचं लिहून घ्या, मालक देतील. हक्काची भाषा आली की मालक वकिलाकडे पळतो.

मांडवीकाठ

गोव्यात यासाठी वेगळा कायदाच आहे. १९७५ चा मुंडकार कायदा. भाटकाराच्या, म्हणजे भाटाच्या मालकाच्या, जमिनीत त्याच्या संमतीनं घर करून राहणारा तो मुंडकार. त्याला काढता येत नाही, भाट विकलं तरी नाही. घराखालची आणि भोवतालची ठरावीक जागा ठरल्या दरानं विकत घेण्याचा हक्कही त्याला आहे. मामलेदाराकडे मुंडकारांची नोंदवही असते. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाची नोंद होती. दिल्लीकडच्या माणसानं भाट घेतलं, विक्रीपत्रात 'रिकामी जमीन' लिहिलं होतं, तरी मामलेदारानं नोंदवही काढल्यावर त्याला गप्प बसावं लागलं. शेजारच्या घराची नोंद नव्हती. त्यांनी नोंदीसाठी अर्ज केला तो विक्रीनंतर, आणि अजून तारखा चालू आहेत.

पण हा कायदा घराचा आहे. होडीच्या मांगराला, जाळी पसरायच्या जागेला तो पुरत नाही. घर राहिलं आणि समोर कुंपण आलं, अशी माणसं मी रोज बघतो.

सुरमई

मांडवीकाठ, वाटेच्या बाबतीत दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याचा निकाल आहे ना? सुप्रीम कोर्ट, जानेवारी २००९. किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट हॉटेलच्या बांधकामानं अडली होती. कोर्टानं सांगितलं की समुद्रकिनारा हा जनतेचा ठेवा आहे, वाट मोकळी करा.

मांडवीकाठ

हो, आणि त्यानंतर सरकारनं कायद्यातच दुरुस्ती करून ते बांधकाम वाचवायची सोय केली. निकाल जिंकला म्हणजे वाट मोकळी झाली असं धरून चालू नये.

चिंगळी

इतका वेळ कुणी खळ्याबद्दल बोललं नाही, म्हणून लिहिते. आमच्या घरी सुक्या मासळीचा धंदा आई आणि काकीचा. ऑक्टोबर लागला की खळं शेणानं सारवायचं, त्यावर चुडतांचे झाप, आणि झापांवर सुंगटं (कोळंबी), बांगडे, दोडी पसरायची. दुपारी एकदा सगळं उलटायचं, कावळे हाकायला एक पोर बसवायचं, संध्याकाळी दव पडायच्या आत उचलायचं. सिमेंटच्या अंगणात ते होत नाही, मासळी खालून करपते. आणि घरापासून लांबही चालत नाही, स्वयंपाक करता करता नजर ठेवावी लागते.

आमच्या भागात एका प्रकल्पासाठी बाधितांची यादी झाली तेव्हा होडीवाल्यांची नावं आली, सगळी पुरुषांची. सुकवणाऱ्या आणि विकणाऱ्या बायकांचं नाव एकाही ओळीत नव्हतं. 'तुमचं काय गेलं?' असं विचारलं. खारा वारा, तुमच्या हरकतीवर वाडीतल्या बायकांच्या सह्या आहेत का? खळ्याबद्दल त्यांनीच सांगायला हवं. किती वर्षं, कुठून कुठपर्यंत, हे त्यांनाच माहीत.

खारा वारा

चिंगळीताई, नाहीत. उद्याच काकीला फोन करतो. खळ्यातला दगड पहिल्यांदा तिनंच बघितला होता.

फणसाळ

सुंगटांचं वर्णन वाचून भूक लागली. सुक्या सुंगटांच्या किस्मुरीत खोबरं आधी भाजायचं की कच्चंच घालायचं?

चिंगळी

कच्चं! भाजणाऱ्याला वाडीत घेत नाहीत. :)

मांडवीकाठ

आमच्याकडेही कच्चंच. गोवा आणि सिंधुदुर्ग यांचं एका तरी मुद्द्यावर एकमत झालं.

गंगातीरी

बँकेच्या बदलीवर काही वर्षं बिहारमध्ये भागलपूरला होतो. तिथली गोष्ट या धाग्यावर यायलाच हवी.

सुलतानगंज ते पीरपैंती, साधारण ८० किलोमीटर गंगा. या पट्ट्यातली मासेमारी दोन जमीनदारांच्या मालकीची होती, नदी वाटून घेतलेली. जमीनदारी कायद्यानं गेली, शेतं गेली, पण हे पाण्याचे मालक राहिले. आपला हक्क फार जुना आणि धर्मादाय असल्याचं सांगत ते कोर्टात लढत राहिले. वाहत्या नदीत जाळं टाकायला मल्लाहांनी, म्हणजे तिथल्या मच्छीमारांनी, ठेकेदाराला पैसे द्यायचे, नाही दिले तर जाळं आणि नाव जप्त, वर मार. 'पानीदारी' म्हणत तिला.

१९८२ मध्ये कहलगावातून गंगा मुक्ती आंदोलन सुरू झालं. नावांचे मोर्चे निघाले, कर देणं बंद झालं. बायका त्यात पुढे होत्या, दारूबंदी आणि मारझोड हे विषय त्यांनीच आणले. १९९१ मध्ये सरकारनं ती जमीनदारी संपवली आणि नदी पारंपरिक मच्छीमारांना खुली झाली. गंमत बघा, त्याच वर्षी सुलतानगंज ते कहलगाव हा नदीचा भाग डॉल्फिन अभयारण्य जाहीर झाला. मी होतो तेव्हा म्हातारे मल्लाह सांगायचे, आधी जमीनदाराचा माणूस जाळं उचलून न्यायचा, आता कधी वनखात्याचा येतो, कधी गुंड. मालक गेला म्हणजे सगळं सुटतं असं नाही, तरीही जमीनदाराला कर देणारी पिढी परत यावी असं कुणी म्हणत नव्हतं.

आडगाव बुद्रुक

बाप रे. नदीला जमीनदार? १९९१ पर्यंत? शाळेत आम्हाला हे कुणी शिकवलं नाही.

सनद

गंगातीरी, धन्यवाद. याच्या जोडीला चिलिका सरोवर. ओडिशात पारिकूदच्या राजाची इस्टेट १९५३ मध्ये जमीनदारी निर्मूलनात सरकारजमा झाली. त्याआधी मासळीच्या व्यापाऱ्यांनी राजाला मोठ्या रकमा देऊन सरोवराच्या ठरावीक भागातले मासे पुढच्या वर्षांसाठी घेतले होते. सरकारनं ते करार मानले नाहीत. १९५५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पाण्यातले मासे पकडून नेण्याचा हक्क ही स्थावर मालमत्ता आहे, शंभर रुपयांवरची असेल तर नोंदणीकृत दस्त लागतो. दस्त नव्हता. पैसे दिलेले असूनही हक्क गेला.

हे व्यापारी होते, वकील करू शकत होते, तरी त्यांची ही अवस्था. म्हणून म्हणते, दुय्यम निबंधकाच्या शिक्क्याशिवाय कुणाच्याही आश्वासनावर झोपू नका.

वांद्री

रापणीची जागा राहिली तरी पर्ससीनवाले (मोठ्या घेरजाळ्यांचे यांत्रिक बोटवाले) मासे ठेवतायत का, हा खरा प्रश्न आहे. मासे ओढायला एलईडी दिवे लावून रात्रीत समुद्र साफ करतात. वाट वाचवून करायचं काय?

झारापकर

+१. आमच्याकडे दोन वर्षं बांगड्याची रापण भरलेलीच नाही.

प्रशासक

पर्ससीनवर स्वतंत्र धागा आहे, कृपया तिथे लिहावं. इथे जमिनीच्या हक्कांपुरतं राहू.

वांद्री

ठीक. पण विषय एकच आहे एवढं नोंदवून ठेवतो. पाण्यातून एक ढकलतो, जमिनीवरून दुसरा.

लॅगनकाठ

बेलफास्टमध्ये नर्स आहे. इथून तासाभरावर लॉक नेय आहे, ब्रिटिश बेटांतलं सर्वांत मोठं सरोवर, जवळपास ३९० चौरस किलोमीटर. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या वाम पकडतात. सरोवराचा तळ आणि मासेमारीचा हक्क सतराव्या शतकात राजाकडून एका सरदार घराण्याला मिळाला, पुढे तो शाफ्ट्सबरी घराण्याकडे आला आणि वामेची मासेमारी एका कंपनीच्या हाती गेली. मच्छीमार कोर्टात गेले. हे सरोवर सगळ्यांचं, असं त्यांचं म्हणणं. १९११ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये ते हरले, १९६० च्या दशकात पुन्हा हरले.

मग त्यांनी दुसरी वाट धरली. ऑलिव्हर केनेडी नावाच्या कॅथलिक पाद्र्यानं त्यांना संघटित केलं, त्यांनी कंपनीचे शेअर घ्यायला सुरुवात केली आणि १९७० नंतर दोनेक वर्षांत सगळी कंपनी सहकारी संस्थेच्या नावावर आली. ज्या हक्काविरुद्ध भांडले तोच विकत घेतला. सरोवराचा तळ मात्र अजून शाफ्ट्सबरी इस्टेटीचाच. आता पाण्यात शेवाळाचा विषारी थर येतो, आणि तळाचा मालक एक, मासेमारीचा दुसरा, प्रदूषण करणारे तिसरेच.

शेजारच्या स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं गावाला आपला हक्क आधीच नोंदवून ठेवता येतो. जमीन विक्रीला निघाली की आधी गावाला विचारावं लागतं. आपल्याकडे असं काही होऊ शकेल का?

बागायतदार

हे मला पटतं. आधी विचारा, बाजारभाव द्या, घ्या. आमच्या चार घरांनी मिळून घराखालची जागा मागितली असती तर मी स्वतः भावांना तयार केलं असतं.

चिंगळी

साहेब, आमच्या किनाऱ्याला गुंठ्याचा भाव काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. तो भाव हॉटेलामुळे झालाय, मासळीमुळे नाही. त्या भावानं मच्छीमार कुठून घेणार? गोव्याच्या कायद्यात दर ठरलेला आहे तो म्हणूनच ना?

बागायतदार

हा मुद्दा बरोबर आहे. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

शेवाखाडी

उरणचा आहे. आमच्याकडे जमीन विकली गेली नाही, संपादनात गेली, पण शेवट तोच. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला, पुनर्वसनाच्या जागी घरांना वाळवी लागली. पुढे खाडीत भराव पडला, तिवरं गेली, होड्यांच्या वाटा बंद झाल्या. पारंपरिक मच्छीमार हरित न्यायाधिकरणात गेले, आणि २७ फेब्रुवारी २०१५ ला पुणे खंडपीठानं १,६३० कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये द्यायचा आदेश दिला. बंदर, सिडको आणि ओएनजीसी या तिघांनी वाटून. मच्छीमाराच्या नावावर सातबारा नसला तरी खाडीवर त्याचा रूढीनं हक्क आहे, हे तिथे मानलं गेलं. पण त्यानंतरही प्रकरण वरच्या कोर्टात गेलंच. आणि पैशानं खाडी परत येत नाही.

अनुभवातून एकच सांगतो. आमच्या बाजूनं कामाला आले ते जुने कागद. होड्यांची नोंदणी, सोसायटीचे सभासद रजिस्टर, डिझेल परताव्याची पुस्तकं, मासळी विकल्याच्या पावत्या. ज्यांनी घरातला कचरा म्हणून जाळले त्यांना सिद्ध करता करता नाकी नऊ आले.

खारा वारा

हे फार मोलाचं. आमच्याकडे नमुना ८ च्या घरपट्टीच्या पावत्या आहेत, माझ्या आजोबांच्या नावापासून. चालतील का?

सनद

जमिनीची मालकी त्यानं सिद्ध होत नाही, पण घर कधीपासून आहे ते होतं. कलम ६० साठी तेच हवंय. विजेचं पहिलं बिल, मतदार यादी, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, सगळं जोडा.

आता खळ्याबद्दल. इंग्लंडमधला जुना खटला आहे, केंट परगण्यातल्या वॉल्मर गावाचा. तिथले मच्छीमार पूर्वापार किनाऱ्यालगतच्या एका खासगी जमिनीवर जाळी सुकवत. मालकानं घरं बांधायला काढली. मच्छीमार कोर्टात गेले आणि १९०५ मध्ये अपील कोर्टानं त्यांची रूढी मान्य करून बांधकाम रोखलं. मालकाचा एक मुद्दा असा होता की जाळी टिकवायची पद्धतच आता बदललीय. कोर्टानं ऐकलं नाही. धंद्याची रीत काळाप्रमाणे बदलते, तेवढ्यानं रूढी मरत नाही. तुम्हालाही कुणीतरी म्हणेल की नायलॉनची जाळी सुकवावी लागत नाहीत, तेव्हा हा खटला वकिलांना आठवू द्या. आपल्या सुविधाधिकार कायद्यातही रूढीनं आलेले हक्क राखलेले आहेत.

आणि जर कुणी कुंपण घातलंच, तर वाट बघत बसू नका. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा अजून जिवंत आहे. शेती, चराई, झाडं, पिकं यांच्याबरोबर मासेमारीसाठी वापरात असलेल्या जमिनीवरून बेकायदा हुसकावलं तर तहसीलदार ताबा परत देऊ शकतो. मुदत सहा महिन्यांची. मच्छीमारांपैकी कुणी याचा वापर केलेला मी क्वचित पाहिलाय, कारण तो त्यांना सांगितलाच जात नाही.

मोरपीस

सीआरझेडचं, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचं, काय?

सनद

भरतीच्या रेषेखालची पुळण सरकारची, ती कुणाला विकता येत नाही. वरच्या भागात बांधकामाला बंधनं आहेत. पण सीआरझेड बांधकाम रोखतं, तुमची वाट राखत नाही. एक गोष्ट मात्र महत्त्वाची. किनारा व्यवस्थापन आराखड्यात मच्छीमारांची गावं आणि त्यांच्या सामाईक जागा, म्हणजे वाळवणाच्या आणि होड्यांच्या जागा, दाखवायच्या असतात. तुमचं खळं त्या नकाशावर आहे का? नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून जिल्हास्तरीय समितीकडे द्या. सीआरझेड अधिसूचनेप्रमाणे त्या समितीत स्थानिक पारंपरिक समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असायला हवेत. तुमच्या तालुक्यातून कोण आहे, हेही विचारा.

फणसाळ

किस्मुरीचा प्रश्न विचारायला आलो होतो, आता घरी जाऊन आमच्या सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना बघणार आहे.

खारा वारा

उशिरा लिहितोय, गावी होतो.

हरकत गेली. तीन वेगळ्या हरकती, घरांची, वाटेची, खळ्याची. खळ्याच्या अर्जावर सगळ्या बायकांच्या सह्या आणि अंगठे आहेत. काकीनं स्वतः काठीनं रेघ ओढून खळ्याची हद्द दाखवली, माझ्या भावानं टेप धरला आणि आम्ही नकाशा केला. जुन्या फेरफारात माझ्या पणजोबांचं नाव सापडलं नाही, पण शेजारच्या घरातल्या एकाचं पीकपाहणीत चार वर्षं आहे. ग्रामसभेत ठराव झाला, वाद बराच झाला, कारण गावातल्या काहींना हॉटेलात नोकऱ्या हव्यात. आम्ही सांगितलं, आम्हालाही हव्यात, वाट ठेवून हव्यात.

हरकत मिळाल्यावर घेणाऱ्यांचे वकील येऊन बसले. वारसांपैकी थोरल्या मालकांच्या मुलीनं, आम्ही त्यांना माई म्हणतो, फोन केला. म्हणाल्या, "मला लहानपणी त्याच वाटेनं उचलून समुद्रावर नेलंय तुमच्या आजीनं. वाट आणि खळं सोडून बाकीचं विकू, मी भावांशी बोलते." मसुदा आलाय. त्यात लिहिलंय, 'खरेदीदार मच्छीमारांना सदर वाट वापरण्यास परवानगी देत आहेत.' सही करायची का?

सनद

अशा मसुद्यावर नाही. 'परवानगी' राहिली तर पुढच्या विक्रीत पुन्हा कलम ५९ येईल. 'पूर्वापार वहिवाटीचा हक्क मान्य आहे आणि तो यापुढील सर्व मालकांवर बंधनकारक राहील' असं हवं. वाट कुठून कुठे, रुंदी मीटरमध्ये, दोन्ही टोकांच्या खुणा आणि मोजणीचा नकाशा दस्ताला जोडून. पाट्या घेतलेली दोन माणसं समोरासमोर आली तर जातील आणि होडीची गाडी वळेल एवढी रुंदी मागा. खळ्याचं वर्णन वेगळ्या परिच्छेदात. विकणारे सगळे वारस आणि घेणारे, सर्वांच्या सह्या. परदेशातल्या दोघांचं मुखत्यारपत्र दस्तासाठी पुरेसं आहे का ते तपासा. नोंदणीनंतर लगेच फेरफाराचा अर्ज द्या आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद लागेपर्यंत तलाठ्याच्या मागे राहा. घरांचं यात काहीच दिसत नाही. माईंचं मन आहे तोवर घराखालच्या जागांचाही विषय याच बैठकीत काढा.

बागायतदार

माईंसारखी एक व्यक्ती प्रत्येक वारसांत असते. तिच्याकडे आधी जावं, वकिलाकडून नोटीस जायच्या आधी. आणि खारा वारा, मसुदा अंतिम झाला की नावं-नंबर झाकून इथे टाका. आमच्या चार घरांसाठी मला तसाच दस्त करायचाय, भावांना दाखवायला नमुना हवा.

चिंगळी

वाळवणाच्या परिच्छेदात महिने घालू नका. 'ऑक्टोबर ते मे' असं लिहिलं की पावसात कुणीतरी तिथे गाड्या लावील आणि खळ्याची माती कायमची दाबून टाकील. बारमाही लिहा.

खारा वारा

बारमाही लिहितो. आणि दस्तात पहिलं नाव काकीचं.